जुन्या फियाटची बैठक

मोटारीचे कौतुक करताना माणसे इंजिनाविषयी बोलतात, रंगाविषयी बोलतात, लिटरमागे किती किलोमीटर धावते हे हमखास विचारतात. बैठकीविषयी सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक माणसाच्या देहाचा सर्वाधिक काळ संबंध येतो तो मोटारीच्या बैठकीशीच. इंजिन कानांना ऐकू येते, रंग डोळ्यांना दिसतो. बैठक मात्र आपले सारे ओझे मुकाट्याने अंगावर घेत असते. मराठीत ‘बैठक’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. विचारांना बैठक असते, घराण्याला बैठक असते, गवयाचीही बैठक असते. ती खचली की वरचे सारे डळमळू लागते. पण ती खचते आहे हे फार उशिरा ध्यानी येते, कारण ती नेहमी कोणाच्या ना कोणाच्या खाली झाकलेली असते.

आमच्या अंगणात १९७१ सालची एक फियाट ११०० डिलाइट उभी आहे. वसईच्या आमच्या आळीतील जुन्या मंडळींना ती ‘मास्तरांच्या विहिरीजवळची पांढरी फियाट’ म्हणून ठाऊक आहे. ही गाडी मूळची इटलीची. पण आपल्याकडे ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिच्या आधीच्या फुगीर अंगाच्या फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे लडिवाळ नाव दिले होते. डिलाइट आली ती १९६४ साली, आणि पुढे हिचेच ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ज्यांनी कधी प्रवास केला असेल, ते सारे आमच्या गाडीच्या धाकट्या बहिणींत बसलेले आहेत.

बाबांनी ही गाडी १९८० साली मुंबईतील एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली. त्या काळी नवी मोटार नोंदवावी आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, असा शिरस्ता होता. बाबांची मुंबईला नोकरी, घरी केळीची आणि पानवेलीची वाडी. दोन्ही मिळकतींतून बाजूला ठेवलेल्या पैशांत जुनी गाडीच येऊ शकत होती. तिची पुढची बैठक बाकासारखी सलग. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच असल्यामुळे मध्ये काहीही आड येत नसे. साहजिकच पुढे तिघे आणि मागे मावतील तेवढे, असा हिशेब होता. आम्ही तिघे भावंडे, आई, आजी आणि वाटेत भेटेल तो शेजारी असे सारे रविवारच्या मिस्सेला त्या गाडीतून जात असू. आळीतील कितीतरी नवऱ्या तिच्या मागच्या बैठकीवर बसून चर्चला गेल्या. रात्रीबेरात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाच्या छातीत दुखू लागले, की आमच्या ओटीवर हाक येई. बाबा शर्टाची बटणे लावीत लावीत गाडी बाहेर काढीत.

बाबा २०१९ साली गेले. त्यानंतर गाडी आठवड्यातून एकदा सुरू केली जाई, अंगणातल्या अंगणात पुढेमागे होई आणि पुन्हा ताडपत्रीखाली जाई. इंजिन ठणठणीत होते. पत्र्याला समुद्राकाठचा गंज लागू नये म्हणून बाबांनी आयुष्यभर काळजी घेतली होती. मोडकळीला आली होती ती बैठक. वरचे काळपट लाल रेक्झिन ठिकठिकाणी तडकले होते. शिवणींच्या बाजूने उसवले होते. मागच्या बैठकीत बसावे तर एखादी स्प्रिंग मांडीला टोचे आणि माणूस घसरत घसरत दाराकडे जाई. कित्येक वर्षे तिच्यावर टॉवेलच्या कापडाची कव्हरे असत. त्या कव्हरांखाली काय चालले आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो आईच्या गुडघ्यामुळे. २०२३ साली तिच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. आमच्याकडे एक नवी छोटी मोटार आहे. पण तिच्या बैठका खोलगट. आत शिरताना देह खाली झोकून द्यावा लागतो आणि उतरताना दोघांनी हात धरून ओढावे लागते. जुन्या फियाटची बैठक घरातल्या खुर्चीसारखी उंच आणि ताठ. दार उघडावे, पाठमोरे टेकावे आणि पाय आत घ्यावेत, इतके ते सोपे. आई एक दिवस अंगणात उभी राहून म्हणाली, “मी फियाटमधूनच जाईन. बैठक तेवढी नीट करा.”

बैठक नीट करायची म्हणजे काय करायचे, यावर आम्हां तिघांत तीन मते झाली.

थोरल्या बंधूंचे म्हणणे असे, की आता हे सारे काढून टाकावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींच्या सजावटीची दुकानेच दुकाने आहेत. तेथे दोन दिवसांत नवा फोम, नवे चामड्यासारखे कव्हर, वर चौकटीची शिलाई असे सारे करून मिळते. गाडी आतून नवीकोरी दिसेल. बहिणीला ते मुळीच मान्य नव्हते. ‘बाबा जिथे बसले तिथले कापड फेकून द्यायचे आणि वर काय चौकटी शिवायच्या?’ असे तिचे म्हणणे. तिच्या मते गाडी आहे तशी ठेवावी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी जे नियम केले, त्यांखाली गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करावी. वीस हजार रुपये शुल्क भरले की ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. तिसऱ्या मताने या नियमाचा पुढचा भाग वाचून दाखवला. अशी नोंद झालेली गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शने, मिरवणुका, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे गाडीला मान मिळाला असता आणि आई ओटीवरच राहिली असती. त्यापेक्षा दर पाच वर्षांनी नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करीत राहावे आणि गाडी चालवावी, असे हे मत होते. पण बैठकीचे काय, याचे उत्तर त्याच्यापाशीही नव्हते.

अशा वेळी घरात आले ते चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे, उभी हयात मुंबईतील टॅक्सींच्या बैठका शिवण्यात गेलेली. आता नालासोपाऱ्यात मुलाकडे राहतात आणि ओळखीच्या लोकांची कामे त्यांच्या घरी जाऊन करतात. त्यांनी सोबत एक कापडी पिशवी आणली होती. तीत दाभण, अर्धचंद्राकार वाकडी सुई, पक्कड, कात्री, शिंप्याचा खडू आणि लाकडी मुठीचा हातोडा. त्यांनी आधी डॅशबोर्डावरचा संत ख्रिस्तोफरचा बिल्ला अलगद काढून आईच्या हाती दिला. “हा संभाळून ठेवा, वयनी,” म्हणाले. मग त्यांनी टॉवेलची कव्हरे उतरवली आणि बराच वेळ काहीच केले नाही. फक्त बैठकीवरून तळहात फिरवीत राहिले. एखादा वैद्य पोट तपासतो तसा.

“वरचं रेक्झिन बघून सगळे घाबरतात,” ते म्हणाले. “पण आजार वर नसतो. आजार खाली असतो. वर नुसता दिसतो.”

रेक्झिनविषयी येथे दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. हा शब्द आता मराठीच झाला आहे; पण तो मूळचा एका इंग्रज कंपनीचे नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी ती सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप चढवून, वर चामड्याचे सुरकुतलेपण ठसवून नकली चामडे तयार करीत असे. पुढे तो लेप मागे पडला आणि पीव्हीसी आले. नाव मात्र तेच राहिले. पीव्हीसी मूळचे कडक असते. त्याला मऊपणा आणण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये उन्हाने आणि उष्णतेने वर्षानुवर्षे थोडी थोडी बाहेर पडत राहतात. उभ्या गाडीत ऊन तापले की जो विशिष्ट वास येतो, त्यात त्यांचाही अंश असतो. ती पुरेशी निघून गेली की रेक्झिन पुन्हा मूळच्या कडक स्वभावावर जाते आणि वाकवले की तडकते. तशात खालचा आधार खचलेला असेल, तर बसणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर ते वाकते. तडा जातो तो त्या वाकण्याच्या जागी. चाचांचे निदान बरोबर होते.

बैठक त्यांनी कापली नाही, उसवली. या दोहोंतील फरक त्यांनी आम्हांला पहिल्याच दिवशी समजावून दिला. जुने कव्हर टाका-टाका काढून सोडवले, तर त्याचा प्रत्येक तुकडा हाच नव्याचा फर्मा ठरतो. कापून ओढून काढले, तर मग अंदाजाने बेतावे लागते आणि अंदाजाने बेतलेले कव्हर कुठेतरी चुण्या घालतेच. प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे ते खडूने खुणा करीत होते: पुढचा, मागचा, उजवा, डावा, वरची कड, खालची कड. दोन तुकडे जेथे एकमेकांना भेटतात तेथे दोन्हींवर एकेक आडवी रेघ. “शिवताना रेघेला रेघ मिळाली पाहिजे. नाय मिळाली तर समजायचं, आपण कुठंतरी ओढाताण केली.”

कव्हराखाली कापसाचा एक पातळ थर होता, जुन्या गादीतल्यासारखा गोळे गोळे झालेला. त्याखाली काथ्याचा दाट थर, त्याखाली गोणपाट आणि गोणपाटाखाली लोखंडी सांगाड्यात तारेने एकमेकींना अडकवलेल्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. गोणपाट स्प्रिंगांच्या तोंडांवर घासून घासून जागोजाग फाटले होते. त्यामुळे स्प्रिंगा काथ्यात घुसल्या होत्या आणि काथ्या स्प्रिंगांत उतरला होता. पावसाळ्यातील दमटपणाने त्याला बुरशी लागून गेली होती. चालकाच्या जागी मध्यंतरी कोणीतरी फोमचा एक तुकडा सरकवला होता. त्याची हळदीसारखी पिवळी भुकटी झाली होती. सांगाड्याच्या तळाशी पंचवीस पैशांची दोन नाणी, सुपारीचे एक खांड आणि केळीच्या सोपटाची सुकलेली दोरी सापडली. विड्याच्या पानांच्या जुड्या बांधण्यासाठी बाबा असली दोरी नेहमी खिशात बाळगीत. बहिणीने ती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली.

त्या दुपारी चाचांनी दोन्ही बैठकांचे उघडे सांगाडे अंगणात शेजारी शेजारी मांडले. मग आपल्याशीच बोलावे तसे बोलू लागले.

“गाडी चालवणारा माणूस उजवीकडं कलून बसायचा. उजवा कोपर खिडकीवर. होय का?”

आम्ही होय म्हणालो. बाबांचा उजवा हात बाराही महिने कोपरापर्यंत रापलेला असे.

“मागं मधोमध पोरं बसायची. उड्या मारायची. ह्या मधल्या स्प्रिंगा एकसारख्या दबल्यात.” यालाही आमची हरकत नव्हती.

मग ते मागच्या बैठकीच्या डाव्या कोपऱ्याशी थांबले. “आणि इथं कोण आजारी माणूस बसायचं?”

कोणीच काही बोलले नाही. त्यांना हे कसे कळले, असे थोरल्या बंधूंनी थोड्या वेळाने विचारले. चाचांनी खळग्यावर बोट ठेवले. धडधाकट माणूस बसला की आत सरकतो. त्याचा खळगा बैठकीच्या मध्याकडे पडतो. येथे तो अगदी दाराच्या कडेला होता. जेथे टेकला तेथेच राहणाऱ्या माणसाचा. समोरच्या कडेची पायपिंग एकाच ठिकाणी झिजून आतली दोरी दिसत होती. उठताना त्याच जागी मुठीने धरून जोर घेतला होता, पुन्हा पुन्हा, एकाच हाताने.

२०१६ ते २०१९ या काळात बाबांना आठवड्यातून दोनदा डायालिसिससाठी बोरिवलीला न्यावे लागे. चाळीस वर्षांच्या आसपास ज्या गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूला ते बसले, त्याच गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ते शेवटची तीन वर्षे बसले. खाडीवरच्या पुलाशी वाहने तुंबली की ते डोळे मिटून घेत. त्यांना त्रास होतो आहे हे तेव्हा आम्हांला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नसे, कारण आम्ही पुढे बसलेलो असू आणि त्यांच्याकडे आमची पाठ असे. गाडीत एकटी आई त्यांच्या शेजारी बसे.

बहीण म्हणाली, “तो कोपरा तसाच ठेवू या.”

तोवर आई काठी टेकीत ओटीवरून खाली आली होती. तिने त्या कोपऱ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले की नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही, कारण तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “अगं, ह्याच कोपऱ्यात मला बसायचं आहे,” ती म्हणाली. “दार ह्या बाजूला रस्त्याच्या कडेला उघडतं. त्यांनाही म्हणूनच इथं बसवत होतो. तीन वर्षं त्यांना ही स्प्रिंग टोचत होती. कधी बोलले नाहीत. ती आता मला टोचायला हवी का?” मग थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “तुमच्या बाबांनी ही गाडी बघायला घेतली नव्हती. आठवणीला भिंतीवर तसबीर आहे.”

वाद तेथे संपला. बहिणीच्या मनातील गोष्ट मात्र चाचांनी ओळखली असावी. त्यांनी विचारले, “रेक्झिन सगळं नवीन घालायचं, का जुनं जेवढं जगेल तेवढं जगवायचं?” जगेल तेवढे जगवा, असे आम्ही तिघांनीही एकदमच सांगितले. त्या कामावरील आमचे हे पहिले एकमत.

पुढचे नऊ दिवस आमच्या अंगणात जे चालले ते पाहण्यासारखे होते. सांगाडा तारेच्या ब्रशाने घासून त्यावर गंजरोधक रंग चढला. तीन स्प्रिंगा मोडल्या होत्या. त्या वेल्डिंगने जोडता येतील का, असे आम्ही विचारले, तेव्हा चाचांनी जिभेला चावा घेतल्यासारखे केले. स्प्रिंगेचे पोलाद विशिष्ट तऱ्हेने तापवून, थंड करून लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या आगीत तो गुण जातो आणि त्या जोडाशीच ती पुन्हा तुटते. म्हणून त्यांनी आपल्या साठ्यातील तीन स्प्रिंगा आणल्या. त्या भंगारात गेलेल्या एका पद्मिनी टॅक्सीच्या होत्या. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली आणि एक युग संपले. त्या युगाचे तीन वेटोळे आता आमच्या आईच्या बैठकीखाली आहेत. ज्या टॅक्सीने पोटासाठी मुंबईत जन्मभर धाव घेतली, तिच्या स्प्रिंगा म्हातारपणी वसईला येऊन राहिल्या म्हणायच्या.

स्प्रिंगांवर नवे दुहेरी गोणपाट ताणून बसवले. त्यावर रबर लावलेल्या काथ्याचा पत्रा. काथ्याचे तंतू कुरळे करून त्यांवर रबराचा चीक फवारतात आणि दाबून पक्के करतात. त्यामुळे तो दबतो आणि पुन्हा उठतो. शिवाय त्यातून हवा खेळते. आमच्या उकाड्यात हा गुण लाखमोलाचा. त्यावर दोन बोटे जाडीचा फोम. फोम घेताना नुसता दाबून पाहू नये, त्याची घनता विचारावी, असे चाचांनी बजावले. बसण्यासाठी ते चाळीसच्या घनतेचा पसंत करतात. म्हणजे घनमीटरमागे ४० किलो वजनाचा. हलका फोम दुकानात गुबगुबीत लागतो आणि वर्षभरात बसतो. आईच्या कोपऱ्यात त्यांनी आतून काथ्याची एक जास्तीची पट्टी दिली, म्हणजे तिला उठताना खोलातून उठावे लागू नये. ही पट्टी वरून दिसत नाही. बसल्यावरच कळते.

सर्वांत नवल वाटले ते रेक्झिनच्या दुरुस्तीचे. त्या जातीचे, त्या ठशाचे, त्या काळपट लाल रंगाचे रेक्झिन आज बाजारात शोधून मिळणे कठीण. पण बैठकीच्या कव्हराचा बराच भाग डोळ्यांना कधी दिसतच नाही. मागच्या बैठकीची मागची कड पाठीखाली सरकलेली असते, चारी बाजूंचे काठ सांगाड्याखाली दुमडलेले असतात. त्या भागाने पन्नास वर्षे ऊन पाहिलेले नसते. त्यामुळे त्याचा मऊपणा पुष्कळसा टिकून असतो. चाचांनी हा झाकलेला भाग उसवून घेतला, त्याची ठिगळे बेतली आणि दर्शनी भागाच्या चिरा त्यांनी सांधल्या. रिकाम्या झालेल्या लपलेल्या जागी नवे रेक्झिन शिवले. म्हणजे जुने पुढे आले आणि नवे मागे गेले.

“दुसऱ्याचं ठिगळ कितीबी रंग मिळवून लावा, ते दुसऱ्याचंच दिसतं,” ते म्हणाले. “हे घरचं आहे. जरा गडद आहे, कारण उन्हात आलं नव्हतं. चार उन्हाळे जाऊ द्या, मिसळून जाईल.”

ठिगळ लावण्याचीही एक रीत आहे. चिरेचे टोक अणकुचीदार ठेवले, तर ताण पडताच ती पुढे धावते. म्हणून ते टोक आधी कात्रीने गोल करून घ्यायचे. ठिगळ आतून लावायचे, चिरेपेक्षा चारी अंगांनी इंचभर मोठे. सोल्यूशन दोन्ही पृष्ठांना लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यायचे आणि मग एकदाच दाबायचे. दोरा सुती घ्यायचा नाही, कारण घामाने आणि दमटपणाने तो कुजतो. टाकेही फार बारीक घालायचे नाहीत. बारीक टाका दिसायला सुबक. पण रेक्झिनला भोकांची ओळ पडते आणि ते पोस्टाच्या तिकिटासारखे त्या ओळीवर फाटते. इंचाला सहा-सात टाके पुष्कळ झाले. कव्हर चढवण्यापूर्वी त्यांनी ते तासभर उन्हात पसरून ठेवले. ऊन लागलेले रेक्झिन सैलावते, मग ओढताना तडकत नाही. ज्या उन्हाने त्याचे आयुष्य खाल्ले, तेच ऊन त्याला पुन्हा अंगावर बसवायला कामी आले.

चालकाच्या बैठकीचा वरचा पट्टा मात्र जगण्यासारखा नव्हता. तो पूर्ण नवा घालावा लागला. बहिणीने जुना पट्टा मागून घेतला आणि चाचांनी तो घडी न घालता, गुंडाळी करून दिला, म्हणजे तडकणार नाही. आता ती गुंडाळी तिच्या कपाटात आहे आणि तिच्याविषयी कोणाचा कोणाशी वाद नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या अंगणात वा गोठ्यात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. त्यांच्यासाठी चाचांच्या चार सूचना येथे नोंदवून ठेवतो. गाडी सावलीत ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान काचांवर कापड टाकावे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की चारी दारे तासभर उघडी टाकावीत, कारण कुजण्याची सुरुवात आतल्या ओलीपासून होते. रेक्झिन चमकवण्यासाठी त्यावर रॉकेल वा खोबरेल चोळू नये. साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून कोरडे करावे. आणि टाका उसवलेला दिसला की त्याच आठवड्यात घालून घ्यावा. उसवलेले शिवता येते, फाटलेले सांधावे लागते.

आज अशी कामे करणारे हात कमी होत चालले आहेत. नव्या मोटारींच्या बैठका साच्यात ओतलेल्या फोमच्या असतात. बिघडल्या की अख्ख्या बदलतात. त्यात कोणाचा दोष आहे असे नाही. चाचांचा मुलगा संगणकाचे काम करतो आणि बापाला सुखात ठेवतो. पण बैठक उसवून त्यावर बसलेल्या माणसाचे दुखणे सांगणारी जी विद्या चाचांच्या तळहातात आहे, ती कुठल्या साच्यात ओतता येईल असे वाटत नाही. आम्ही तीन वर्षे त्या गाडीत पुढे बसलो आणि आम्हांला जे दिसले नाही, ते एका परक्या माणसाला फाटक्या गोणपाटावरून आणि झिजलेल्या पायपिंगवरून दिसले.

दुरुस्ती म्हणजे काय, याविषयी आमच्या मनात त्या नऊ दिवसांत एक गोष्ट पक्की झाली. वस्तू पहिल्यासारखी करणे ही दुरुस्ती नव्हे. ती पहिल्यासारखी होतही नाही. वस्तू जशी आहे तशी गोठवून ठेवणे हीही दुरुस्ती नव्हे. ज्या कामासाठी वस्तू घरात आली, त्या कामाला ती पुन्हा उभी करणे म्हणजे दुरुस्ती. बाबांचा खळगा आम्ही भरून काढला. त्यामुळे बाबा कमी झाले असे आम्हां तिघांपैकी कोणालाच वाटले नाही. उलट, ज्या जागी त्यांना टोचत होते त्या जागी आता आईला टोचत नाही, याचे एक अबोल समाधान आहे. त्यांच्यासाठी हे तेव्हाच व्हायला हवे होते असे मनात येते. पण जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या बैठकीने सांगितले, आणि ते ज्याच्या कानी पडायला हवे होते त्याच्या कानी पडले.

आता दर रविवारी फियाट रस्त्यावर येते. आई डाव्या कोपऱ्यात बसते. वाटेत आळीतील दोन वृद्धा तिच्याशेजारी बसतात आणि तिघी मिळून आमच्या चालवण्यात खोड्या काढतात. त्या गडद ठिगळांवरून बोट फिरवीत एकीने परवा विचारले, की हे डाग कसले. आई म्हणाली, “डाग नाहीत ते. मागचं पुढे आणलंय.” चालकाची बैठक नवी आहे, अजून घट्ट आहे. तिच्यावर आमचा खळगा पडायला काही वर्षे जावी लागतील. पण थोरल्या बंधूंचा उजवा कोपर आतापासूनच खिडकीवर जाऊ लागला आहे.